चहाच्या खोक्यांची आरास

चैत्रगौर बसवायचं मी ठरवलं ते भक्तीपोटी नाही, रागापोटी.

त्र्याहत्तर सालचा चैत्र होता. आमच्या लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. लग्न नगरच्या कचेरीत, साक्षीदारांसमोर सह्या करून. माझं माहेर संगमनेरातच, आमच्या भाड्याच्या खोल्यांपासून तीन गल्ल्या पलीकडे. आजोबांनी जन्मभर भिक्षुकी केली, वडील कोर्टात कारकून. नवरा पारनेरकडच्या शेतकरी घरातला, इथे हायस्कुलात शिक्षक. मी घरी हे सांगितलं त्या दिवसापासून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि आईलाही टाकायला लावलं. पाच महिन्यांत आई मला दोनदा रस्त्यात दिसली. दोन्ही वेळा तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्त्याची बाजू बदलली.

अशात एका सकाळी भाजीबाजारात माहेरच्या शेजारीणबाई भेटल्या. बोलावं की नाही अशा बेतात होत्या, मग बोलल्याच.

"काल तुमच्याकडे हळदीकुंकू झालं. पण आरास अगदीच साधी, दोनच पायऱ्या. मी विचारलं तर तुझी आई म्हणाली, आरास करणारी आमची गेली."

आई 'सासरी गेली' म्हणाली नव्हती. नुसतं 'गेली' म्हणाली होती. त्या घरात अकराव्या वर्षापासून दर चैत्रात पायऱ्या मी रचत होते. पाट, डबे, ट्रंका एकावर एक ठेवून वर आईची जरीची साडी अंथरायची, सगळ्यात वर पितळी झोपाळ्यात अन्नपूर्णा बसवायची, आणि खालच्या पायऱ्यांवर घरातलं जे जे सुंदर असेल ते मांडायचं. आई खाली उभी राहून सांगायची, डावीकडे घे, आणखी थोडं. आता मी तीन गल्ल्या पलीकडे जिवंत होते, आणि ती बायकांना सांगत होती की मी गेले.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "मी गौर बसवणार आहे. पाच पायऱ्यांची आरास करणार आणि पुढच्या शुक्रवारी बायका बोलावणार."

सकाळची शाळा आटोपून तो नुकताच आला होता. त्याने सायकल भिंतीला लावली.

"कोण येणार?" त्याने विचारलं.

"बोलावल्यावर येतील."

"आणि पाणी? पन्ह्याला पाणी कुठलं?"

त्या वर्षी पाण्याचा प्रश्न साधा नव्हता. प्रवरेचं पात्र वाळूचं झालं होतं. आमच्या घरमालकीणबाईंच्या नळाला दिवसाआड अर्धा तास धार यायची आणि त्यातलं आमच्या वाट्याला दोन हंडे. बाकीचं पाणी माझ्या सासूबाई कोपऱ्यावर टँकर यायचा तिथून आणायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. गावाकडची विहीर आटली म्हणून त्या फाल्गुनात आमच्याकडे आल्या होत्या. सासरे बैल घेऊन गुरांच्या छावणीत राहिले होते. आत्याबाई दोन लुगडी आणि एक विळा घेऊन आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून टँकरच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. आमचं बोलणं कामापुरतं व्हायचं. त्या गप्प राहायच्या आणि मला वाटायचं, मी त्यांना पटलेली नाही.

त्या वेळी त्या कोपऱ्यात बसून रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

आरास करायची तर घरात काही नव्हतं. आमच्या दोन खोल्यांत एक ट्रंक, एक स्टोव्ह, दोन पाट आणि पुस्तकं. माझं लग्न कोणी लावून दिलं नव्हतं, त्यामुळे आई मुलीला देते ती अन्नपूर्णाही नव्हती आणि पितळी झोपाळाही नव्हता. मग मी जमवायला लागले. वाण्याकडे चहाची तीन रिकामी खोकी पडली होती, एकाचा तळ गेलेला. ती त्याने देऊन टाकली. जुन्या बाजारात दाराची अर्धी फळी मिळाली, कडीसकट. सायकलच्या दुकानात आरे निघालेलं, थोडं वाकडं चाक होतं. त्याची नुसती कड मी मागितली तेव्हा दुकानदाराने मला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. शिंप्याकडून दोऱ्याची लाकडी रिळं आणली, पिशवीभर. रद्दीवाल्याकडे विडीच्या बंडलावरच्या लेबलांचे छापताना बिघडलेले ताव होते, गुलाबी आणि सोनेरी. ते त्याने वजनावर दिले. हे सगळं मी भर दुपारी, रस्त्यावर माणसं कमी असताना घरी आणायची. डोक्यावर चहाचं खोकं घेऊन माहेरच्या गल्लीच्या तोंडावरून जावं लागायचं. तिथे आले की माझी पावलं आपोआप जोरात पडायची.

सोमवारी मी खोकी जोडायला घेतली. दोन खोकी आडवी, त्यांच्या मागे एक उभं, मध्ये दाराची फळी, उरलेल्या पायऱ्यांना ट्रंक आणि पाट. खिळे ठोकले तर पक्कं होईल असा माझा हिशेब. पहिलाच खिळा बसला आणि खोक्याची पातळ फळी कड्‌कन उभी चिरली. दुसरा खिळा ठोकताना कडेची पत्र्याची पट्टी सुटली आणि माझ्या उजव्या तळव्यात घुसली. रक्त बघून मला रडू आलं नाही, संताप आला. मी हातोडी पुन्हा उचलली.

मागून एक हात आला आणि त्याने ती हातोडी काढून घेतली.

"हिकडं आन हात," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी जखमेत हळद दाबली, लुगड्याची जुनी किनार फाडून बांधली. मग खोक्यांकडे वळल्या. चिरलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"ह्या लाकडाला खिळा नगं. चिरतंय ते. बांधून घेऊ."

"कशाने?"

त्यांनी आपल्या गाठोड्यातून अंबाडीच्या दोराचं वेटोळं काढलं. गावाहून गाठोडं बांधून आणलेला तो दोर होता. त्यांनी खोक्यांना कोपऱ्याकोपऱ्यात भोकं पाडली, तापवलेल्या उलथन्याच्या टोकाने, आणि दोर ओवून अशा गाठी मारल्या की मी खोकं हलवायला गेले तर तीनही खोकी एकदम हलली.

"बैलगाडीची गाठ हाय ही," त्या म्हणाल्या. "भरल्या गाडीला न्हाई सुटत. तुज्या गौरीला सुटंल व्हय?"

आल्यापासून त्या माझ्याशी एवढं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

पुढचे तीन दिवस दुपारी आम्ही दोघी मिळून काम केलं. डिंक नव्हता तर त्यांनी चिंचोके भाजून, भिजवून, वाटून खळ शिजवली. त्या खळीने मी लेबलांचे ताव रिळांवर चिकटवले आणि रिळं काडीत ओवून चार खांब केले. चहाच्या खोक्यांना आतून चंदेरी कागद असतो. तो मी अलगद सोडवला, पाट्यावर घासून सपाट केला आणि त्याने सायकलची कड मढवली. ती कड सगळ्यात वरच्या पायरीच्या मागे उभी केली तेव्हा देवीमागच्या प्रभावळीसारखी दिसायला लागली. वाकडी होती, पण वाकडा भाग आम्ही भिंतीकडे घेतला. पायऱ्यांवर अंथरायला नवऱ्याची धुतलेली दोन धोतरं होती.

गौर कुठून आणायची हे मात्र सुचत नव्हतं. मी म्हटलं, तांब्यावर नारळ ठेवू. आत्याबाई बुधवारी सकाळी पाण्याला गेल्या त्या उशिरा परतल्या. हंड्याबरोबर पदरात ओली चिकणमाती होती. नदीच्या वाळूत लोकांनी पाण्यासाठी झिरे खणले होते, त्यांच्या तळाची. संध्याकाळपर्यंत त्यांनी वीतभर उंचीची बाई घडवली, मांडी घालून बसलेली, कपाळ रुंद. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दोन दाणे बसवले.

"आमच्यात चैत्राची गौर न्हाई," त्या म्हणाल्या. "कशी आसती ती मला ठावं न्हाई. बरी हाय का?"

मी म्हटलं, बरी आहे. खरं म्हणजे ती माहेरच्या अन्नपूर्णेसारखी मुळीच नव्हती. तिचा चेहरा उन्हातून चालत आलेल्या बाईचा होता. त्या क्षणी मला भीती वाटली की येणाऱ्या बायका हिच्याकडे बघून हसतील. ती भीती मी आत्याबाईंना दिसू दिली नाही, निदान मला तसं वाटलं.

गुरुवारी मी बोलावणी केली. अकरा घरं. काही माझ्या शाळेतल्या मैत्रिणींची, काही नवऱ्याबरोबर शिकवणाऱ्यांची, काही गल्लीतली. माहेरच्या दारात मी गेले नाही. पण शेजारीणबाईंना बोलावलं आणि बाहेर पडताना माहेरच्या दाराकडे बघितलं. दाराची एक फळी उघडी होती. आत कोणी दिसलं नाही.

परत आले तर घरमालकीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. विधवा बाई, माझ्या माहेरच्यांच्याच नात्यागोत्यातल्या. आम्हाला खोल्या देताना त्यांनी बरीच मनं वळवून घेतली होती, स्वतःचं धरून. आमच्या खोल्यांची वाट त्यांच्या पुढच्या दारातून आणि ओट्यावरून होती.

"उद्या हळदीकुंकू आहे म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो काकू. तुम्हाला सांगणारच होते."

"कर. सणाला मी नाही म्हणायची नाही. पण एक सांगते. तुला खोल्या दिल्या म्हणून मला अजून बोलणी बसतात. माझ्या दारातून भलतंसलतं कोणी यायला नको. आपल्या घरातल्या बायका आल्या, गेल्या, काही म्हणणं नाही."

"भलतं कोण येणार काकू?"

"मग तसा शब्द दे."

मी म्हटलं, "नाही येणार कोणी." इतक्या सहज म्हटलं की आत येईपर्यंत मी ते विसरलेही. आत्याबाईंना हे सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. काकूंच्या लेखी भलतं म्हणजे कोण, आणि त्यात माझ्या सासूचं घरही मोडत होतं का, हा विचार मी पुढे कितीतरी दिवसांनी केला.

शुक्रवारी दुपारी चारला सगळं तयार होतं. पाच पायऱ्या. सगळ्यात वर मातीची गौर, तिच्यामागे चंदेरी कड, दोन्ही बाजूंना रिळांचे गुलाबी खांब. खालच्या पायऱ्यांवर माझी विणकामं, आत्याबाईंनी कलिंगडाच्या सालीचं कातरलेलं कमळ, ज्वारीची दोन वाळकी कणसं, नवऱ्याच्या शाळेतून आणलेला पृथ्वीचा गोल. डाळ वाटली होती. पन्ह्यासाठी दोन दिवस पाणी राखलं होतं, मोठ्या पातेल्यावर ओलं फडकं टाकलं होतं. भिजवलेले हरभरे परातीत. आम्ही दोघींनी ते दोन दिवस तोंडं धुण्यापुरतंच पाणी वापरलं होतं. नवरा बायकांच्या वाटेत नको म्हणून वाचनालयात जाऊन बसला होता.

मी नवी साडी नेसून दाराशी उभी राहिले.

साडेचार वाजले. कोणी आलं नाही. ऊन आहे, म्हटलं. पाच वाजले. ओट्यावर काकू बसल्या होत्या आणि गल्लीकडे बघत होत्या. मी दारातून आत येऊन समई सारखी केली, हळदीकुंकवाची कोयरी पुसली, पुन्हा दारात गेले. गल्लीतून दोन बायका नटूनथटून येताना दिसल्या. मी पदर सावरला. त्या आमच्या दारासमोर आल्या, त्यातली एक माझ्या वर्गात होती. तिने माझ्याकडे बघितलं, मान किंचित हलवली आणि त्या पुढे गेल्या. त्या शुक्रवारी गावात आणखी बरीच हळदीकुंकवं होती.

साडेपाच वाजले. बांधलेल्या तळव्यात ठणका लागला होता. मी परातीतल्या हरभऱ्यांकडे बघितलं. एवढं पाणी, एवढी डाळ. टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं प्रत्येक तांब्याभर पाणी त्या पातेल्यात होतं, आणि ते मी कोणासाठी ओतलं होतं?

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, पायात वहाणा सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"आलेच," म्हणाल्या आणि ओट्यावरून खाली उतरून गेल्या.

मला वाटलं, त्यांना माझी नामुष्की बघवत नाही. मी गौरीसमोर बसले. आता बाहेर बघायचं नाही असं ठरवलं. पण कान तिकडेच होते.

सहाच्या सुमाराला बाहेर खूप पावलं वाजली. मी धडपडत उठून दारात गेले. आत्याबाई पुढे होत्या आणि त्यांच्यामागे आठ-नऊ बायका. मागच्या वस्तीतल्या, विड्या वळणाऱ्या. कारखान्यातून मोजून माल देऊन तशाच आल्या होत्या. काहींनी वाटेत तोंड धुतलं असावं, पदर ओले दिसत होते. त्यांच्या हाताच्या बोटांना तंबाखूचा पिवळा रंग होता आणि सगळ्यांभोवती तो वास. आत्याबाई रोज पहाटे ज्या रांगेत उभ्या राहायच्या, ती ही रांग होती.

काकू ओट्यावर उठून उभ्या राहिल्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यावी तसं.

मी उंबऱ्यात उभी होते. 'या' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. किती वेळ गेला असेल, दोन श्वासांचा. पण तो वेळ त्या बायकांनी बघितला. सगळ्यांत वयस्क होती ती थांबली, आत्याबाईंना म्हणाली, "मागारी जातो आमी. बाईंची अडचन दिसती."

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्या वाट बघत होत्या, आणि तेच मला सहन होईना. पाच महिने मी गल्लीगल्लीतून मान वर करून चालत होते, कारण माझ्या वडिलांनी जातीपायी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आणि आता मी उंबऱ्यात उभी राहून हिशेब करत होते की खोल्या गेल्या तर काय.

"या," मी म्हटलं. "आत या सगळ्या. मी वाटच बघत होते."

ते खोटं होतं आणि त्यांना कळलं असणार. तरी त्या आत आल्या.

खोली भरून गेली. बसायला दोन सतरंज्या पुरल्या नाहीत. मी हळदीकुंकू लावायला लागले, हाताला फडकं बांधलेलं. एक तरुण बाई चंदेरी कडेजवळ वाकून बघत होती, तिचा चेहरा त्यात लांबट दिसत होता. ती खांबांकडे वळली आणि थबकली.

"अगं, ह्ये आपलं लेबल हाय," ती मागच्या बाईला म्हणाली. "रोज बंडलाला चिकटिवतो त्येच. बघ की, देवीच्या बाजूला बसलंय."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग त्यांनी एकेक वस्तू बघून ओळखायला सुरुवात केली. हे शिंप्याचं रीळ, हे चहाचं खोकं, ही सायकल. माहेरी बायका जरीच्या साड्या आणि चांदीची भांडी बघायच्या, मान डोलवायच्या आणि बसायच्या. कशाचं काय केलंय हे कोणी विचारलं नव्हतं. वयस्क बाईने गौरीकडे बघून विचारलं, "ही कुनी केली?"

"म्या," आत्याबाई म्हणाल्या.

"डोळं चांगलं जमल्यात."

पन्ह्याचे पेले फिरत होते तेव्हा दारात सावली पडली. मी वर बघितलं आणि हातातली पळी पातेल्यात पडली.

आई उभी होती. रोजच्या देवळाच्या साडीत, हातात फुलांची परडी. तिने आधी खोलीतल्या बायका बघितल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग आरास बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. बायका बोलायच्या थांबल्या. कोण आहे हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

"मी आत येत नाही," आई म्हणाली. "देवळात जाते सांगून आलेय. नुसतं बघायला आले."

पुढे जावं तर ती मागे सरेल अशी भीती वाटली. आत्याबाई उठल्या. त्या दोघी एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या.

"बगा की इहीनबाई," त्या म्हणाल्या. "पर उंबऱ्यातनं नीट दिसायचं न्हाई. लांब पडतंय."

आईने मागे वळून ओट्याकडे पाहिलं. काकू तिथे होत्याच. आता आई गेली काय आणि आली काय, ती इथवर आल्याचं वडिलांपर्यंत पोचणार होतं. बहुधा तिलाही तेच उमगलं. तिने चपला काढल्या आणि आत आली. विड्यांच्या बायकांनी तिला वाट करून दिली. ती आराशीसमोर येऊन उभी राहिली, खूप वेळ.

"तिसरी पायरी डावीकडे उतरलीय," ती म्हणाली.

मी बघितलं. खरंच उतरली होती. कलिंगडाचं कमळ हळूहळू कडेला सरकत होतं. मी फळीखाली हात घालायला गेले, पण एका हाताने ती उचलेना. आईने परडी खाली ठेवली आणि फळीचं दुसरं टोक धरलं. आत्याबाईंनी विटेचा तुकडा आणून खाली सारला.

"अजून थोडं," आई म्हणाली. "हं. पुरे."

मग मी कोयरी घेतली. तिने चेहरा पुढे केला. तिच्या गालाला हळद लावताना मला तिचे डोळे इतक्या जवळून दिसले की मी कुंकू लावताना खाली बघितलं. तिने डाळीचा एक घास खाल्ला, पन्हं उभ्यानेच प्यायली. मी ओटीत हरभरे घातले. ती म्हणाली, "डाळीला मीठ कमी आहे," आणि निघाली.

मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. ओट्याची पायरी उतरण्याआधी ती भिंतीच्या आडोशाला थांबली. पदराच्या टोकाने तिने गालावरची हळद पुसली, आधी उजव्या, मग डाव्या. नीट पुसली गेली का म्हणून बोट लावून बघितलं. ओटीतले हरभरे परडीत फुलांखाली सारले. मग गेली. मी दारात उभी आहे हे तिला माहीत होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

आत आले तेव्हा बायका गात होत्या. कोणतं गाणं ते मला आठवत नाही. मी पातेल्यातून पळी काढली आणि उरलेलं पन्हं वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी नवऱ्याला ओट्यावर बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मला म्हातारीला या गल्लीत मरायचंय. तुम्ही दुसरीकडे बघा." महिन्याची मुदत दिली. मी दिलेला शब्द मोडला होता हे खरंच होतं, त्यामुळे मला भांडता आलं नाही. नवऱ्याने मला दोष दिला नाही, पण दोन दिवस तो फार बोलला नाही. चांगल्या गल्ल्यांत आम्हाला खोल्या मिळण्यासारख्या नव्हत्या, हे आम्ही एकदा अनुभवलं होतं.

आत्याबाईंना मी शेवटी सांगितलं की मी काकूंना काय कबूल केलं होतं. त्या भाकरी थापत होत्या.

"मला ठावं न्हवतं," त्या म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकत विचारलं, "आन ठावं आसतं, आन म्या त्यास्नी आनलं नसतं, तर तुला बरं वाटलं आसतं का?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "त्या वेळी वाटलं असतं."

त्यांनी मान हलवली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

विड्यांच्या बायकांपैकी त्या वयस्क बाईच्या दिराची खोली रिकामी होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याची. ज्येष्ठात आम्ही तिथे गेलो. सामान हातगाडीवर होतं, आणि हातगाडी ढकलायला त्यातल्याच चौघीजणी होत्या. त्या पत्र्याखाली आम्ही सहा वर्षं काढली. माझी दोन्ही मुलं तिथेच झाली. पावसाळा लागल्यावर आत्याबाई गावी परत गेल्या, पण चैत्रात येत राहिल्या.

वडील काही आले नाहीत. आईचं त्या दिवशीचं येणं त्यांना कळलं, आणि कळल्यावर ते तिला काय म्हणाले हे तिने मला कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली, परडी घेऊन, आणि या वेळी थेट आत येऊन बसली. जाताना मी लक्ष ठेवून होते. तिने हळद पुसली नाही. पदर गालावरून ओढून घेतला आणि तशीच तीन गल्ल्यांऐवजी आता गाव ओलांडून घरी चालत गेली.